त्याने लॅपटॉप विकला ते राहू दे, आधी 1 जानेवारीचं बघ

पत्र न्यूरेंबर्गहून आलंय. लिहिणारी मूळची सांगलीची, नऊ वर्षं झाली तिकडे, नवरा ऑटोमेशनच्या कंपनीत, मुलगा चौथीत. नाव छापू नका म्हणाली, पत्र ज्याच्याबद्दल आहे त्या मुलाचंही नको, म्हणून दोन्ही नाही छापत. पत्र लांब होतं, त्यातलं मुख्य तेवढं देते:

“मावशी, शहराच्या एका उपक्रमातून दर शनिवारी माझ्याकडे एक अफगाण मुलगा जर्मन आणि गणित शिकायला येतो. सतरा वर्षांचा आहे, दीड वर्षापूर्वी एकटाच जर्मनीत आला, युगेंडआम्टने, म्हणजे मुलांचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसने, त्याला मुलांच्या एका ग्रुपमध्ये ठेवलंय. इराणमध्ये मशहदला वाढला. वडील नाहीत. आई आणि चौदा वर्षांची बहीण तिथेच होत्या, जुलैमध्ये इराणने त्यांना परत अफगाणिस्तानात पाठवलं, आता हेरातला कुणा नातेवाइकाकडे आहेत. आधी इतका आवडीने यायचा, माझ्या मुलाची सायकल दुरुस्त करून द्यायचा. आता दोन-दोन शनिवार येत नाही, आला तर डोळ्यांवर झोप, विचारलं की एकच, आलेस गूट, म्हणजे सगळं ठीक. बेरुफ्सशूलेत, म्हणजे धंदेशिक्षणाच्या शाळेतपण दांड्या मारतोय म्हणे. मी माझा जुना लॅपटॉप दिला होता अभ्यासाला, तो त्याने विकला आणि पैसे घरी पाठवले, मला तिसऱ्याकडून कळलं, फार लागलं मनाला. मी त्याला समजावलं की अरे मी पण इथे आले तेव्हा भाषा येत नव्हती, एकटी रडायचे, पण चिकाटीने केलं ना, तर तो मध्येच उठून निघून गेला. नवरा म्हणतो नसत्या भानगडीत पडलीस. त्याने पण एकदा रविवारी आपल्या लोकांच्या क्रिकेटला नेलं होतं, तर हा नुसता बाउंड्रीवर बसून राहिला. बामफची, म्हणजे आश्रयाच्या अर्जांचा निकाल देणाऱ्या सरकारी ऑफिसची, मुलाखत झालीये, निकाल यायचाय. 1 जानेवारीला तो अठरा पूर्ण करेल. मी आता सोडून देऊ का? माझं काय चुकलं?”

अगं, सोडून देऊ नकोस. आणि तुझं चुकलं काय ह्याच्यात आत्ता वेळ घालवू नको कारण नोव्हेंबर चालू आहे आणि 1 जानेवारी तोंडावर आलीये, तू ती तारीख शेवटी एका ओळीत लिहिलीस पण मला तुझ्या अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात आधी दिसली.

ही तारीख बहुतेक त्याचा खरा वाढदिवस नसणार. अफगाण पोरांच्या कागदांवर 1 जानेवारी खूप वेळा दिसते, तिकडे जन्माची नोंदच नसते, वर्ष अंदाजाने सांगतात आणि ऑफिसात पहिली तारीख टाकून मोकळे होतात. पण कायद्याच्या दृष्टीने तीच खरी. त्या दिवशी त्याचा फोरमुंड, म्हणजे कोर्टाने नेमून दिलेला पालक, त्याचं काम संपतं. आतापर्यंत सगळी सरकारी पत्रं त्या माणसाकडे जात होती, सह्या तो करत होता, वकिलाशी तो बोलत होता. 1 जानेवारीनंतर हे सगळं ह्या पोराच्या अंगावर, आणि त्यात राहायची जागापण जाऊ शकते. आता जिथे राहतोय तिथे रात्री कुणीतरी मोठं माणूस असतं, सकाळी उठवतं, डॉक्टरकडे नेतं. ते संपलं तर मोठ्या माणसांच्या निर्वासित निवासात एका खोलीत तीन-चार अनोळखी लोकांबरोबर राहायला लागेल, आणि आत्ता जो मुलगा शाळेला दांड्या मारतोय तो तिथून शाळेत जाईल असं मला तरी वाटत नाही.

पण हे टाळता येतं. जर्मन कायद्यात अठरानंतरही युगेंडआम्टची मदत चालू ठेवता येते, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, काही केसेसमध्ये त्याच्याही पुढे, सोशल कायद्याच्या आठव्या पुस्तकातलं 41 नंबरचं कलम आहे ते, हिल्फं फ्युअर युंगं फोलयेरिगं म्हणतात त्याला. आपोआप मिळेल म्हणून गप्प बसायचं नाही, अर्ज करायचा, आणि त्यात मुलाने स्वतः सांगायला लागतं की मला अजून मदत हवीये आणि ती ह्या-ह्या कारणासाठी. इथेच खूप मुलं अडकतात, कारण मी आता मोठा झालो, माझं मी बघतो असं त्यांना दाखवायचं असतं, आणि समोरचा अधिकारी म्हणतो वा, छान, हा तर तयार आहे, चला फाइल बंद. म्हणून सोमवारी सकाळी त्याच्या ग्रुपच्या बेट्रॉयरला, म्हणजे तिथे मुलांना सांभाळणाऱ्या माणसाला, नाहीतर फोरमुंडला फोन कर आणि एवढंच विचार की अर्ज गेलाय का. ते तुला आतलं काही सांगणार नाहीत, गोपनीयता असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नको, पण तुझ्या विचारण्याने कुणीतरी फाइल उघडेल. आणि शाळेतल्या दांड्या, झोप नाही, घरची चिंता हे सगळं अर्जात लपवायचं नाही, उलट मदत का हवी त्याचं कारणच ते आहे.

आता लॅपटॉप.

तुला लागलं ते मला कळतं, आपण प्रेमाने वस्तू देतो आणि ती बाजारात जाते. पण हा पोरगा कुठल्या परिस्थितीत होता ते बघ. इराणने कागद नसलेल्या अफगाण लोकांना 6 जुलै 2025 पर्यंत देश सोडा सांगितलं आणि त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त माणसं तिथून परत गेली, खूप जण इस्लाम कला नावाच्या नाक्यावरून, हातात दोन पिशव्या घेऊन, ज्यांनी वीस-वीस वर्षं इराणमध्ये विटा उचलल्या तेपण. त्याची आई आणि बहीण अशाच गर्दीत हेरातला पोचल्या असणार. आता तिथे काय आहे? मुलींची शाळा सहावीनंतर 2021 पासून बंद. डिसेंबर 2022 पासून युनिव्हर्सिटी बंद. बाईमाणसाला 72 किलोमीटरच्या पुढे प्रवास करायचा तर घरातला पुरुष सोबत हवा, आणि ह्या घरातला एकमेव पुरुष सतरा वर्षांचा आहे आणि तो न्यूरेंबर्गमध्ये तुझ्या डायनिंग टेबलवर बसून त्रैराशिक सोडवतोय. बाईने कमवायचे मार्ग जवळजवळ सगळे बंद केलेत. मग घरभाडं, तांदूळ, औषध कुणी द्यायचं? नातेवाइकांच्या घरात राहायचं तर चार पैसे हातावर ठेवायला लागतात, ते आपल्याकडे पण तसंच असतं.

आणि इथे येण्यासाठी घेतलेलं कर्ज वेगळं. एवढा प्रवास फुकट होत नाही, कुणीतरी जमीन विकलेली असते नाहीतर उधार घेतलेलं असतं, आणि ते फेडायची जबाबदारी पोचलेल्यावर असते. त्याने तुला सांगितलं नाही कारण सांगायचं कसं, तू एवढं प्रेमाने दिलंस, ते विकलं हे कुठल्या तोंडाने सांगणार. त्याची लाज त्याला तुझ्याहून जास्त वाटतीये, शनिवारी न येण्याचं अर्धं कारण मला तरी तेच वाटतं.

म्हणून पुढच्या वेळी भेटला की विषय तूच काढ आणि एका वाक्यात संपव. म्हणजे असं, “लॅपटॉपचं मला कळलंय, तुला दिला होता, तुझाच होता, आईला पैसे पोचले ना?” बस्स. पुढे लेक्चर नको. दुसरा लॅपटॉपपण देऊ नको. शाळेतून वापरायला मिळतो का ते त्याने विचारावं, नाहीतर स्टाटबिब्लिओटेकमध्ये, म्हणजे शहराच्या लायब्ररीत, कॉम्प्युटर आहेतच, तिथे तुम्ही दोघं बसू शकता. आणि पैसे द्यायला लागू नकोस हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण एकदा सुरू झालं की दर शनिवारी तुमच्या दोघांच्या मध्ये ते पैसे बसतील, त्याला तुझ्यासमोर मान वर करता येणार नाही आणि तुला दर वेळी वाटेल ह्याने ते कशावर घालवले. त्यापेक्षा कमावण्याचा कायदेशीर रस्ता कुठला ते शोधायला मदत कर, त्याच्यावर पुढे बोलते.

रात्रीच्या झोपेचं. तू लिहिलंयस मोबाइलवर असतो बहुतेक. असेलच. हेरातचं घड्याळ सध्या जर्मनीपेक्षा साडेतीन तास पुढे आहे, आणि तिथे वीज कधी, नेट कधी, फोन रिकामा कधी त्याच्यावर बोलणं. सप्टेंबर 2025 च्या शेवटी तालिबानने अख्ख्या देशाचं इंटरनेट जवळजवळ दोन दिवस बंद ठेवलं होतं, आठवतंय का बातमी? आपल्यासाठी ती एक बातमी होती. ह्या पोराने ते दोन दिवस कसे काढले असतील, दोन बायका एकट्या, फोन लागत नाही, काही विचारता येत नाही. तू म्हणतेस दोन महिन्यांपासून बिघडलाय, तर तारीख जुळवून बघ.

त्यात त्याचं स्वतःचं टांगणीला. बामफची मुलाखत झाली आणि निकाल नाही. गेल्या वर्षभरात तरुण, एकट्या, धडधाकट अफगाण पुरुषांचे अर्ज नाकारायचं प्रमाण वाढलंय हे त्या मुलांना आपल्याआधी कळतं, त्यांच्या ग्रुपवर सगळं फिरत असतं. ऑगस्ट 2024 मध्ये जर्मनीने 28 जणांना विमानात बसवून काबूलला पाठवलं, जुलै 2025 मध्ये 81 जणांना. ती सगळी गुन्हेगारी प्रकरणांतली माणसं होती, ह्याच्यासारखी शाळकरी मुलं नव्हती, पण रात्री दोन वाजता अंथरुणात पडून तो व्हिडिओ बघणाऱ्याला हा फरक कोण समजावणार. आणि 2025 च्या सुरुवातीला तुमच्या बायर्नमध्येच, म्हणजे बव्हेरियात, आशाफेनबुर्ग आणि म्युन्शेनला (म्युनिक) जे हल्ले झाले, लहान लेकरं गेली त्यात, दोन्ही ठिकाणी संशयित अफगाण. त्या घरांवर काय कोसळलं ते बोलवतही नाही. पण त्यानंतर ट्राममध्ये ह्या वयाच्या, ह्या चेहऱ्याच्या पोराकडे लोक कसे बघतात तेही खरं आहे, शेजारची सीट रिकामी राहते, रेल्वे स्टेशनवर पोलीस ह्यालाच थांबवून कागद मागतात. घरी येऊन तो हे तुला सांगणार नाही. आलेस गूट म्हणणार.

म्हणून त्याला त्याची कहाणी विचारू नको, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. मी इथे जर्मनीत तरुण मुलांच्या सल्ला केंद्रात बरीच वर्षं काम केलंय आणि मला दिसलं ते असं की ह्या पोरांना भेटलेल्या प्रत्येक माणसाने त्यांना काहीतरी विचारलेलं असतं आणि उत्तर खरं आहे का ते तपासलेलं असतं. वय काय, खरंच सतरा का, दिसतोस तर मोठा. कुठल्या रस्त्याने आलास, गाव कुठलं, नदी कुठल्या बाजूला. मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंस. तुझ्या घरी आल्यावर त्याला काहीही सिद्ध करायला लागू नये. स्वतःहून बोलला तर ऐक, मध्ये अरे देवा करू नको, रडू आलं तर आवर कारण मग तो तुला सांभाळत बसेल. नाही बोलला तर पोळ्या लाटायला बसव. पोळ्यांचं खरंच सांगतीये, बोलानी म्हणून त्यांचा प्रकार असतो, बटाट्याचं नाहीतर पातीचं सारण भरून लाटलेली पातळ पोळी, तेलावर भाजतात, त्याला बनवता येत असेल तर त्याला दाखवू दे, तू आणि तुझा लेक शिका. दीड वर्ष तो सगळ्यांकडून शिकतोच आहे, प्रत्येक जण त्याची चूक दुरुस्त करतोय. सायकल दुरुस्त करताना जो मुलगा तुला दिसला होता तो ह्यासाठीच खूश होता, तिथे त्याला येत होतं आणि तुमच्या घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

तू त्याला स्वतःचं उदाहरण दिलंस तेव्हा तो का उठला ते आता लक्षात आलं असेल तुझ्या. तुझे पहिले दिवस सोपे नव्हते हे मी मानते, मी स्वतः अशाच दिवसांतून गेलीये, हिवाळ्यात चार वाजता अंधार आणि बोलायला माणूस नाही. पण आपण व्हिसा लावून आलो, सामान चेक-इन करून आलो, नाहीच जमलं तर सांगलीचं तिकीट काढता येत होतं आणि स्टँडवर घ्यायला भाऊ येणार होता. त्याला परतीचा रस्ताच नाही आणि पुढचा रस्ता दुसऱ्याच्या हातात आहे. त्याला चिकाटी शिकवायला नको गं, सोळा वर्षांचा असताना एवढ्या सीमा पायी ओलांडून आलेल्याकडे ती आहे. त्याच्याकडे जे नाहीये ते म्हणजे उद्याबद्दल काही पक्कं. तू त्याला बामफचा निकाल देऊ शकत नाहीस पण शनिवार देऊ शकतेस. तो येवो न येवो, अकरा वाजता मी घरी आहे, चहा ठेवलेला आहे, आलास तर ये, नाही आलास तर पुढच्या शनिवारी. रुसायचं नाही, हिशोब ठेवायचा नाही.

तुझ्या नवऱ्याला माझ्याकडून सांग की क्रिकेटचा विचार चांगला होता, फक्त मुलगा चुकीचा पकडला. जर्मनीत 2015 नंतर क्रिकेट जे एवढं वाढलं ते बरंचसं अफगाण पोरांमुळेच, पण ती पोरं जास्त करून पूर्वेकडची, पाकिस्तानच्या कॅम्पात वाढलेली, अफगाणिस्तानचं क्रिकेटच त्या कॅम्पांत जन्मलं. इराणमध्ये वाढलेला मुलगा फुटबॉलवाला असतो, त्याला बॅट कशी धरायची माहीत नसेल आणि पंचवीस भारतीय इंजिनिअरांसमोर ते कबूल करण्यापेक्षा बाउंड्री बरी. भाऊजींकडे त्याहून कामाचं काहीतरी आहे. ते ऑटोमेशनमध्ये आहेत, ह्या मुलाचा हात चालतो. आउसबिल्डुंग म्हणजे काय, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि बाकीचे शाळेत, पहिल्या महिन्यापासून पगार, तीन-साडेतीन वर्षांनी हातात जर्मन सर्टिफिकेट, हे त्याला शाळेत शंभरदा सांगितलं असेल, पण वर्कशॉपमध्ये उभं राहून कुणी दाखवलं नसेल. शाळेमार्फत एखाद्या आठवड्याची प्राक्टिकुम, म्हणजे कंपनीत काम बघून शिकायची संधी, कुठे मिळते का एवढं भाऊजींनी बघावं. पगाराचा आकडा दिसला की आईला पैसे पाठवायचा एक रस्ता दिसेल, आणि मग शाळा ही वेळ घालवायची जागा वाटणार नाही. अजून एक, अर्ज नाकारला गेला तरी आउसबिल्डुंग चालू असेल तर ती पुरी होईपर्यंत थांबायची परवानगी मिळवता येते, अटी बऱ्याच आहेत, कुठल्या ते वकील सांगेल.

पिवळ्या पाकिटाचं मात्र आत्ताच दोघांनी समजून घ्या. बामफचा निकाल पिवळ्या पाकिटात येतो, पोस्टमन पेटीत टाकतो आणि पाकिटावर त्या दिवसाची तारीख पेनाने लिहितो. मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उघडता त्या दिवसापासून नाही. कोर्टात जायला साधारण दोन आठवडे, काही प्रकारच्या नकारात फक्त एक आठवडा. अठरा झाल्यावर ते पाकीट थेट त्याच्या नावाने येईल, आणि भीतीपोटी पाकीट न उघडता गादीखाली ठेवलेली मुलं मी पाहिलीयेत. त्याला सांग, पिवळं पाकीट आलं की उघडायचं नसेल तर नको उघडू, पण त्याच दिवशी मला फोटो पाठव, आपण दोघं उघडू. पाकीट फेकायचं नाही, तारखेचा पुरावा तोच. वकिलाचा नंबर फोरमुंडकडून डिसेंबर संपायच्या आत लिहून घ्या, कारितास आणि डियाकोनी ह्या चर्चच्या संस्थांची मोफत सल्ला केंद्रंपण आहेत तुमच्याकडे. आईला आणि बहिणीला इकडे आणता येईल का हे तो एक दिवस विचारेल. तू हो पण म्हणू नको, नाही पण म्हणू नको. नियम फार कडक झालेत, कुठल्या प्रकारचं संरक्षण मिळतं त्याच्यावर सगळं अवलंबून आहे, पण त्याने आश्रयाचा अर्ज अल्पवयीन असताना केला ही गोष्ट त्याच्या बाजूची ठरू शकते, आणि निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तर कुटुंबाचा अर्ज तीन महिन्यांत टाकायचा असतो. हे वाक्य वकिलासमोर जसंच्या तसं म्हण.

झोप अजून तीन-चार आठवडे अशीच राहिली, खाणं सुटलं, किंवा जगून काय करू असं काही बोलला तर वाट बघायची नाही. बायर्नमध्ये क्रिसेनडीन्स्टचा, म्हणजे मानसिक संकटात मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर आहे, 0800 655 3000, रात्रंदिवस चालू, फुकट, काळजी वाटणारा माणूसपण करू शकतो. जिवाला धोका वाटला तर सरळ 112. मनाच्या उपचारांसाठी निर्वासितांसोबत काम करणारी वेगळी सेंटर्स आहेत, न्यूरेंबर्गमध्येपण आहे, रांग मोठी असते म्हणून नाव आत्ताच घालायला बेट्रॉयरला सांग.

आणि आज त्याला एक मेसेज कर. जर्मनमध्येच, छोटा, प्रश्नचिन्ह न टाकता. शनिवारी अकरा वाजता घरी आहे, मुलाच्या सायकलची चेन परत निघालीये, जेवण आहे. उत्तर नाही आलं तर पुढच्या शुक्रवारी परत पाठव. युगेंडआम्टच्या अर्जाचं काय झालं ते डिसेंबरात मला कळव, नाकारला तर त्यावरही हरकत घेता येते, कशी ते लगेच सांगते.